घरसंसार : गाडीचे पांघरूण



भिवंडी-वाडा रस्त्यावर अंबाडी नाक्याहून वज्रेश्वरी, गणेशपुरीकडे वाट फुटते. या रस्त्यांवर रिक्षा, टेम्पो, जीप चालवून आपल्या कितीतरी घरांची चूल पेटते. पण गाडीला छप्पर कुठले? रात्री ती उघड्यावरच उभी. उन्हाळ्यात धूळ, जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस.

पुष्कळजण प्लॅस्टिकची ताडपत्री गाडीवर घट्ट आवळतात नि निर्धास्त होतात. फसगत इथेच होते. ओल्या जमिनीची वाफ आत कोंडते, पत्र्यावर पाणी धरते आणि झाकलेल्या गाडीलाच गंज चढतो. पत्रा कुजला म्हणून कर्जाचा हप्ता थांबत नाही!

कव्हर घेताना कापड पाणी अडवणारे, पण वाफ बाहेर सोडणारे असावे. आतून मऊ अस्तर, पोटाखालून बांधायचा पट्टा असावा. माप त्याच गाडीचे घ्यावे. सैल कव्हर वाऱ्याने फडफडून रंग घासते. धूळ धुऊन, गाडी सुकवून, सायलेन्सर थंड झाल्यावरच ते घालावे. उघडीप मिळताच काढून गाडी व कव्हर दोन्ही वाळवावीत.

कव्हर परवडत नसेल तर चार बांबू रोवून ताडपत्रीचा उतरता मांडव घाला. ती गाडीला टेकू देऊ नका. वारा खेळला पाहिजे.

भगवान बुद्धांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे. कष्टाने घेतलेली गाडी हे त्या आजीविकेचेच साधन. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. पाऊस त्याआधीच दारात येतो. तेव्हा ही तयारी मे महिन्यातच करावी.