लग्नाळू पोरं आणि रानातल्या बाया

डिसेंबर २०२२ मध्ये बाशिंग बांधलेली लग्नाळू पोरं घोड्यावर बसून वाजतगाजत सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर गेली. ज्योती क्रांती परिषदेचा तो मोर्चा होता आणि मागणी मुद्द्याची होती : गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची कडक अंमलबजावणी करा. राज्यभर त्याकडे गंमत म्हणून पाहिलं गेलं. मला त्यात गमतीचं काहीच दिसलं नाही.

२००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९५ मुली होत्या. ती पिढी आज लग्नाची आहे. २०११ मध्ये हाच आकडा ८८३ वर घसरला. म्हणजे धाकट्या भावांची अडचण थोरल्यांपेक्षा मोठी असणार. त्याच दोन जनगणनांमध्ये जिल्ह्याची लोकसंख्या १२ टक्क्यांनी वाढली. आधीच्या दशकात ती वाढ १९ टक्के होती. पाळणे लांबले, आणि शिकलेली पोरं पुण्याच्या वाटेला लागली.

पोरीला शेतकरी नवरा नको, ही तक्रार सांगोल्यापासून करमाळ्यापर्यंत ऐकू येते. पण पोरीनं आईचा दिवस पाहिलेला असतो. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारीची काढणी निघाली की वाकून एकेक ताट मुळासकट उपटायचं, पेंढ्या बांधायच्या, मग बसून कणसं मोडायची. तळहाताला फोड येतात, पात्यानं हात चिरतात, मानेवर कूस खाजत राहते. नांगरटीला ट्रॅक्टर आला, मळणीला मशिन आलं. काढणी बहुतेक ठिकाणी अजून हातावरच आहे. एवढं करून बाईची हजेरी गड्यापेक्षा कमी. घरच्या रानात तर तीही नाही. दिवस मावळल्यावर भाकरी, धार, शेणघाण तिच्याच वाट्याला, आणि सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं नाहीतर सासऱ्याचं.

माणूस मिळत नाही म्हणून उजनीच्या पाण्यावर अनेकांनी ज्वारी मोडून ऊस लावला. तोडायला कारखान्याची टोळी येते, बीडकडून, नवरा-बायकोच्या जोड्यांनी. तिथंही हिशेब जोडीचा असतो आणि मुकादमाची उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. आपल्या शिवारातला मजुरीचा प्रश्न आपण दुसऱ्या जिल्ह्यातल्या बाईच्या पाठीवर टाकला, एवढंच झालं.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी स्वखुशीनं बायकोच्या नावावर जमीन केली होती. ती हाक पुन्हा द्यायला हवी, आणि बरोबरीनं सारख्या हजेरीचीही. स्थळं शोधत फिरणाऱ्या बापांनी आधी घरातल्या बाईचं नाव सातबाऱ्यावर चढवावं. मुलीकडची माणसं जमिनीची चौकशी करतातच. त्यातलं किती मुलीच्या नावावर होणार, हेही आता त्यांनी विचारावं.

फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेचे प्रगणक दारात येतील. बायको काय करते, असं विचारलं की ओसरीवरून उत्तर जातं, ‘काही नाही, घरीच असते.’ २०११ च्या जनगणनेच्या व्याख्येतही घरच्या शेतात बिनपगारी राबणं हे कामच होतं. गावोगावच्या ग्रामसभांनी आणि बचत गटांनी ही गोष्ट आधीच घरोघर सांगावी, आणि त्या प्रश्नाचं उत्तर तिचं तिला देऊ द्यावं.