कॉफीतली अळंबी

दिवाळीला थोरल्या वन्सं बंगळुरूहून आल्या, त्या फराळाच्या डब्यांबरोबर एक चकचकीत काळं पाकीटही घेऊन आल्या. "कॉफी आहे, पण साधी नाही हं. ह्यात चार तऱ्हेच्या औषधी अळंबी आहेत," असं त्यांनी म्हणायचा अवकाश, सासूबाई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "कुत्र्याच्या छत्र्या? आणि कॉफीत? नको गं बाई!" आम्ही सगळे खूप हसलो. पण मैत्रिणींनो, त्याच सासूबाई पुढे महिनाभर ती कॉफी रोज सकाळी न चुकता घेत होत्या. त्यातून आमच्या घरी जे घडलं, ते तुम्हांला सांगायलाच हवं. लोणच्याच्या बुरशीबद्दल ज्यांची पत्रं आली आहेत, त्यांनी कृपया एक आठवडा थांबावं.

कॉफीत काहीबाही घालणं आपल्याला नवं नाही. जायफळाशिवाय कॉफी म्हणजे आपल्याकडे पाहुण्यांचा अपमानच. चिकोरी तर आपण न विचारता वर्षानुवर्षं पीत आलो. तेव्हा अळंबीची पूड घातली म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. चवही तशी वाईट नव्हती. थोडी मातकट, किंचित कडसर. दूध-साखर घातली की कळतही नाही. प्रश्न एवढाच, की त्या पुडीने होतं काय?

वन्संच्या पाकिटावर चार नावं होती : चागा, रेशी, कॉर्डिसेप्स आणि लायन्स मेन. मला ह्यातलं एकही ठाऊक नव्हतं. शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवते, विज्ञानाचा आणि माझा संबंध मॅट्रिकनंतर संपला. पण एकदा डोक्यात किडा शिरला की मला झोप येत नाही. मग वाचत बसले.

चागाची गोष्ट मला फार आवडली. रशिया-फिनलंडकडच्या थंड मुलखात भूर्जाच्या खोडावर ही बुरशी वाढते. दिसायला छत्रीबित्री काही नाही, जळक्या कोळशाचा ढेकूळ म्हणा ना! तिकडचे लोक ती उकळून चहासारखी पीत आले आहेत. दुसऱ्या महायुद्धात फिनलंडमध्ये कॉफी मिळेनाशी झाली, तेव्हा कॉफीची तहान भागवायला लोकांनी जे जे करून पाहिलं त्यात हा चागाही होता. म्हणजे बघा, मुळात ही कॉफी नसतानाची सोय! अडीनडीला आपल्याकडेही चिंचोके भाजून कॉफी करत, तशातलीच. पुढे २०१२ साली फिनलंडच्याच तेरो इसोकाउप्पिला ह्यांनी फोर सिग्मॅटिक नावाची कंपनी काढली आणि अळंबीची कॉफी अमेरिकेत लोकप्रिय केली. तिथून ती बंगळुरूमार्गे आमच्या डायनिंग टेबलावर आली.

रेशी म्हणजे चीनमधली लिंगझी. लाकडासारखी कडक, चवीला कडू, आणि दीर्घायुष्य देणारी म्हणून तिकडे शतकानुशतकं मान असलेली. कॉर्डिसेप्स तर आपल्या उत्तराखंडातलीच, पिथोरागडकडे तिला कीडाजडी म्हणतात. जमिनीतल्या अळीच्या अंगातून ती उगवते. (हे मी सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.) पण घाबरू नका, खरी कीडाजडी इतकी महाग असते की कॉफीच्या पाकिटात ती परवडणारच नाही. तिथे असते ती बहुधा तिची कारखान्यात वाढवलेली बहीण. ह्या कॉर्डिसेप्सचं नाव जगभर झालं ते १९९३ साली. चीनच्या धावपटू मुलींनी एकामागून एक विश्वविक्रम मोडले आणि त्यांचे प्रशिक्षक मा जुनरेन ह्यांनी सांगितलं, ही कीडाजडीची आणि कासवाच्या रक्ताची करामत! पुढे २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या तोंडावर त्यांच्याच चमूतल्या सहा जणींना रक्ताच्या तपासण्या संशयास्पद आल्या म्हणून वगळावं लागलं. तेव्हा श्रेय नक्की कुणाचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

राहिली लायन्स मेन. पांढरीशुभ्र, झिरमिळ्या सोडलेली, सिंहाच्या आयाळीसारखी. स्मरणशक्तीसाठी हिची फार कीर्ती. आणि हिच्याबाबतीत खरोखरच एक प्रयोग झालेला आहे. २००९ साली जपानमध्ये विसराळूपणा जडू लागलेल्या पन्नास ते ऐंशी वर्षांच्या तीस माणसांवर तो केला. निम्म्यांना ह्या अळंबीच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. सोळा आठवड्यांनंतर पहिल्या गटाचे गुण वाढलेले दिसले, गोळ्या बंद केल्यावर चार आठवड्यांत पुन्हा उतरले. आशा वाटावी असंच आहे हे. पण ती माणसं तीसच होती, आणि रोज तीन ग्रॅम पूड घेत होती. मी चष्मा लावून वन्संच्या पाकिटामागचं बारीक अक्षर वाचलं. एका कपात लायन्स मेन किती? २५० मिलिग्रॅम. म्हणजे त्या जपानी आजोबांइतकी पूड पोटात जायला दिवसाला बारा कप कॉफी प्यावी लागेल! काही कंपन्या पुडीऐवजी अर्क घालतात, तिथे हिशेब थोडा बदलेल, पण आमच्या पाकिटावर साधी पूडच होती. आणि त्या पाकिटाला वन्संनी मोजले होते साडेबाराशे रुपये. मी गप्प बसले, भेट आलेल्या वस्तूची किंमत काढू नये.

तरी वन्सं शपथेवर सांगत होत्या की ह्या कॉफीने त्यांची छातीतली धडधड थांबली, रात्रीची झोप सुधारली. त्या खोटं बोलत नव्हत्या. उत्तर त्याच पाकिटावर होतं. ह्या मिश्रणात कॉफी निम्मीच असते, बाकी अळंबी. कॉफी निम्मी म्हणजे कॅफीनही जवळजवळ निम्मं. दिवसाला चार मग स्ट्राँग कॉफी पिणाऱ्या बाईच्या पोटात दोन मगांइतकीच गेली, तर धडधड थांबणार नाही तर काय? मी तेव्हापासून घरच्या कॉफीची पूड निम्म्यावर आणली आणि दुपारी चारनंतर कॉफी बंद केली. मलाही झोप लागते. खर्च शून्य!

आता सासूबाईंकडे येते.

त्यांना नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. दोन वेळा जेवणानंतर मेटफॉर्मिनची गोळी. दर रविवारी रात्री मी सात कप्प्यांच्या डबीत आठवड्याच्या गोळ्या भरून ठेवते, आणि पुढच्या रविवारी डबी रिकामी असते. म्हणजे सगळं ठीक, असं मी समजत होते. डिसेंबरात त्यांची रक्ततपासणी केली, तर उपाशीपोटीची साखर १९६! आधीच्या खेपेला ११८ होती. डॉक्टरांनी मला विचारलं, खाण्यात काय बदल? मी म्हटलं, काहीच नाही. दिवाळीचा फराळ संपूनही महिना होऊन गेलेला.

चार दिवसांनी मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेसाठी वाती काढायला देवघरातला डबा उघडला. वातींच्या खाली कापसात गुंडाळलेल्या गोळ्या. मोजल्या. एकतीस निघाल्या.

खरं सांगते, पहिल्यांदा मला रागच आला. सकाळी उठून डबा, शाळा, वह्या, त्यात हे गोळ्यांचं भरणं, आणि ह्यांनी त्या कापसात लपवाव्यात? पण त्या दिवशी मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात दोघीच असताना, वाती वळायला त्यांच्याजवळ बसले आणि हळूच विचारलं, "आई, गोळी नकोशी वाटते का?"

बराच वेळ त्या वात वळत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, त्या गोळीने पोट बिघडतं. दुपारची गोळी घेतली की दोन-तीनदा जावं लागतं. भजनाला जाऊन बसायची सोय राहिली नाही. तुला काय सांगायचं हे? आणि शरूच्या त्या कॉफीच्या पाकिटावर लिहिलंय ना, साखर ताब्यात राहते म्हणून. म्हटलं, दुपारची गोळी सोडून बघू."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की अळंबीवर त्यांचा विश्वास बसला नव्हता, गोळीतून सुटका हवी होती. पाकिटाने फक्त निमित्त दिलं. त्या पाकिटाच्या पुढच्या बाजूला 'रक्तातील साखरेचे संतुलन' हे ठसठशीत, आणि 'हे औषध नाही' हे मागे, मुंगीएवढ्या अक्षरात. साखरेसाठी रेशी देऊन केलेले प्रयोग कॉक्रेन ह्या नावाजलेल्या संस्थेने २०१५ साली एकत्र तपासले. पाच प्रयोग होते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात ती उपयोगी पडते असं म्हणायला त्यांना आधार सापडला नाही.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते अजिबात रागावले नाहीत. मेटफॉर्मिनने पोट बिघडणं फार जणांना होतं, आणि म्हणूनच त्याच औषधाची पोटात हळूहळू विरघळणारी गोळीही मिळते, असं त्यांनी सांगितलं. ती एकदाच, रात्रीच्या जेवणाबरोबर. बस्स! त्यासाठी एकतीस गोळ्या कापसात गेल्या.

तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या घरी हे पाकीट आलं असेल, नाहीतर येईल. धडधाकट माणसाने हौस म्हणून एखादा कप घेतला तर बिघडत नाही. पण घरात कुणी रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेत असेल, तर रेशी आणि चागा दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, रक्तस्राव वाढण्याचं भय असतं. पोटुशीला आणि अंगावर पाजणारीला तर नकोच, तिच्यावर कुणी पुरेसा अभ्यासच केलेला नाही. आणि मुतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याने चागापासून चार हात लांब राहावं. त्यात ऑक्झलेट फार. जपानमधल्या एका बहात्तर वर्षांच्या बाईंनी यकृताच्या कॅन्सरसाठी सहा महिने रोज चार-पाच चमचे चागाची पूड घेतली आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. २०१४ साली तिथल्या डॉक्टरांनी ही हकिकत छापली आहे. कॉफीच्या कपात इतका चागा नसतो हे खरं. पण 'थोड्याने गुण येतो तर जास्तीने अधिक येईल' असं म्हणणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या घरात असतात.

पाकिटात लिहिलंय ते आत असेलच असंही धरून चालू नका. २०१७ साली अमेरिकेतल्या बाजारातून घेतलेली रेशीची एकोणीस औषधं शास्त्रज्ञांनी तपासली, त्यांतली पाचच खऱ्या रेशीशी जुळली. बऱ्याचदा अळंबीऐवजी तिची मुळंच धान्यावर वाढवतात आणि धान्यासकट दळतात. मग आपण दळलेला तांदूळ पितो, अळंबीच्या भावाने! घ्यायचंच असेल तर अळंबीचा कोणता भाग, किती मिलिग्रॅम आणि अन्नसुरक्षेचा चौदा आकडी परवाना क्रमांक, एवढं तरी पाकिटावर बघा.

मला विचाराल तर अळंबीची हौस भाजीवर भागवा. बाजारात धिंगरी आणि बटण दोन्ही मिळतात. चिरून, पोटाकडची बाजू वर करून तासभर दुपारच्या उन्हात ठेवा. उन्हाने तिच्यात 'ड' जीवनसत्त्व तयार होतं, आणि आपल्या उंबऱ्याआड राहणाऱ्या बायकांना ते कमीच असतं. मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात रस्सा करा. आमच्याकडे मुलं मटणाच्या रश्श्यासारखं ओरपतात, सासूबाई मात्र अजून शिवत नाहीत.

वन्संना मी फोन करून सगळं सांगितलं. जरा वेळ त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "आईने मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं, मलाही नाही सांगितलं. उरलेलं अर्धं पाकीट हे ऑफिसला घेऊन गेले आहेत. सासूबाईंची सकाळची कॉफी आता पुन्हा जायफळाची, बिनसाखरेची. ह्या महिन्यात साखर १३४ आली. दुपारच्या भजनाला त्या आता पहिल्या रांगेत बसतात.