क्रेन एकच, कायदे दोन

साप्ताहिक सदर : पावती जपून ठेवा

सूस आणि म्हाळुंगे ही गावं जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली. शेजारचं नांदे मुळशी तालुक्यात, ग्रामपंचायतीखालीच राहिलं. हद्दीच्या दोन्ही बाजूंना इमारती मात्र उभ्या राहतच आहेत, आणि हिंजवडीला, बाणेरला किंवा पिरंगुटला कामाला जाणाऱ्या घरात गाडी ही आता चैन उरलेली नाही. भर पावसात सूस खिंडीच्या अलीकडे गाडी बंद पडली तर काय, ही धास्ती शोरूममधल्या विक्रेत्याला आपल्याइतकीच ठाऊक असते. म्हणून डिलिव्हरीच्या दिवशी, हार-नारळाच्या गडबडीत, बिलावर एक ओळ वाढते : आरएसए, म्हणजे रोडसाइड असिस्टन्स. टोइंग, पंक्चर, बॅटरी उतरली तर जंप स्टार्ट, किल्ली आत राहिली तर दार उघडून देणं, पेट्रोल संपलं तर थोडं आणून देणं. दोन-तीन वर्षांचे पैसे एकरकमी.

सेवेला माझी हरकत नाही. रात्री उशिरा, सोबत म्हातारी माणसं असताना एकदा जरी क्रेन वेळेवर आली, तरी पैसे फिटले असंच मी म्हणेन. हरकत आहे ती सेवा मध्येच बंद करा म्हटल्यावर मिळणाऱ्या उत्तराला. बंद करायला कारणं सरळ असतात. गाडी विकली. बदली झाली. किंवा एके दिवशी कागद नीट वाचले आणि लक्षात आलं, की गाडीच्या कंपनीनं हीच सेवा पहिली काही वर्षं मोफत दिलेली आहे, विम्यातही तेच जोडकलम आपण पैसे भरून घेतलेलं आहे, आणि शोरूमची योजना त्यावर तिसरी. गाडी एक, क्रेन तीन! उरलेल्या महिन्यांचे पैसे मागायला गेलं की गोड आवाजात सांगतात, ‘सर, हे नॉन-रिफंडेबल आहे.’

या उत्तरावर वाद घालण्यापूर्वी हातातला कागद कोणाचा आहे ते पाहावं. येणारी क्रेन तीच असते, कित्येकदा चालकही तोच. पण कागद विमा कंपनीचा असेल तर तुमचे हक्क वेगळे आणि सेवा-योजनेचा असेल तर वेगळे.

आधी विम्याचं पाहू, कारण तिथं गोष्टी बऱ्या झाल्या आहेत. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये मध्येच पॉलिसी सोडणाऱ्यासाठी एक कोष्टक होतं. एक महिना झाला असेल तर वर्षाच्या हप्त्यातले २० टक्के कंपनीचे. सहा महिने झाले की ७० टक्के. आणि आठ महिने उलटले की पूर्ण हप्ता कंपनीचा, उरलेल्या चार महिन्यांचा एक रुपयाही परत नाही. विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, ११ जून २०२४ च्या प्रमुख परिपत्रकात हा हिशेब साधा केला. ग्राहक कधीही, कारण न सांगता पॉलिसी रद्द करू शकतो. मुदत एक वर्षापर्यंतची असेल आणि दावा केलेला नसेल, तर उरलेल्या काळाच्या प्रमाणात हप्ता परत. मुदत त्याहून मोठी असेल, तर ज्या वर्षांचं संरक्षण अजून सुरूच झालेलं नाही त्यांचे पैसे परत. उलट बाजूनं कंपनीला मात्र पॉलिसी रद्द करायची असेल तर सिद्ध झालेली फसवणूक हे एकच कारण चालतं, आणि तेही किमान सात दिवसांची नोटीस देऊन. एक गोष्ट ध्यानात ठेवावी : हा नियम पॉलिसीबद्दल बोलतो, तिच्यातल्या एकेका जोडकलमाबद्दल नाही. आणि थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायद्यानं सक्तीचा असल्यामुळे दुसरा हातात आल्याशिवाय पहिला सोडता येत नाही. कंपनीनं दाद दिली नाही तर विमा लोकपाल आहे. त्याचं पुण्यातलं कार्यालय नारायण पेठेत आहे.

आता शोरूमच्या किंवा ॲपवरच्या योजनेकडे वळू. हा विमा नव्हे, आगाऊ पैसे भरून घेतलेली सेवा. त्यामुळे वरचं परिपत्रक इथं लागू नाही आणि लोकपालही नाही. आयुर्विमा आणि आरोग्य विमा घेणाऱ्याला कागद परत करायला ३० दिवस मिळतात. ब्रिटनमध्ये ब्रेकडाऊन कव्हर ऑनलाइन किंवा फोनवरून घेणाऱ्याला विचार बदलायला १४ दिवस कायद्यानंच मिळतात. आपल्याकडे आरएसए योजनेला असा एकही दिवस नेमून दिलेला नाही. ॲपवर घेतली असेल तर थोडा आधार आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ग्राहकाची संमती आधीच टिक केलेल्या चौकटीतून गृहीत धरता येत नाही. आणि विकणारा स्वतः व्यवहार रद्द करताना तसाच भुर्दंड सोसत नसेल, तर ग्राहकाकडून रद्द करण्याचे पैसे घेता येत नाहीत. न विचारता बिलात वस्तू सरकवण्याला ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ‘डार्क पॅटर्न’ ठरवलं आहे. तिथं असे तेरा प्रकार दिले आहेत आणि रद्द करायचं बटण सापडू न देणं हाही त्यांतच येतो.

शोरूममध्ये समोरासमोर सही करून घेतलेल्या योजनेला मात्र या नियमांचा उपयोग नाही. तिथं उरतो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. त्यात ‘अनुचित करार’ नावाचं एक उत्तम कलम आहे. ग्राहकाला तोट्यात ढकलणारी अवाजवी अट, झालेल्या नुकसानीशी मेळ नसलेला दंड, कंपनीला वाटेल तेव्हा करार मोडायची एकतर्फी मुभा, हे सगळं त्यात येतं. आरएसएचा अटींचा कागद वाचून पाहा. ‘कंपनी ही योजना कधीही बंद करू शकते’ आणि ‘ग्राहकाला परतावा मिळणार नाही’ अशी दोन वाक्यं एकाच कागदावर सापडली तर हे कलम हाताशी आहे. आयोग अशी अट रद्दबातल ठरवू शकतो.

पण कोणता आयोग? अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे करताच येत नाही. कायद्यानं ती राज्य आयोगाकडे दिली आहे. दहा कोटींपर्यंतच्या मोबदल्याची तिथं आणि त्यावरची राष्ट्रीय आयोगाकडे. म्हणजे नांदे गावातल्या माणसानं दोन-तीन हजार रुपयांसाठी अट बेकायदा ठरवून घ्यायची तर राज्य आयोगाची पायरी चढायची, जिथं एरवी अर्ध्या कोटीच्या वरचे वाद चालतात. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बिल्डरचे करार असावेत. शोरूमच्या बिलावरची शेवटची ओळ कुणाला दिसली नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली ती पुण्यातच, आणि तीही रोजच्या छोट्या खरेदीतल्या लुबाडणुकीविरुद्ध. छोट्या रकमांचा ग्राहक हाच त्या चळवळीचा मूळ ग्राहक होता.

यातून वाट आहे, थोडी वळणाची. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१९ मध्ये पायोनियर अर्बन प्रकरणात बिल्डरच्या एकतर्फी अटी ही ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ठरवली, आणि अनुचित प्रथेची तक्रार जिल्हा आयोग ऐकू शकतो. म्हणून अर्जात कराराची अट रद्द करा अशी मागणी न करता, एकतर्फी अट लादून पैसे अडवणं ही अनुचित प्रथा आहे असं मांडावं आणि परतावा मागावा. नव्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. कंपनीचं कार्यालय गुरुग्रामला असलं तरी तिनं पुण्यात यावं. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. बोलावूनही क्रेन आलीच नसेल, तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून थेट सेवेतली त्रुटी म्हणून दाद मागावी. तो दावा कितीतरी भक्कम असतो.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. पहिल्याच महिन्यात लोणावळ्याहून गाडी ओढून आणवायची आणि दुसऱ्या महिन्यात परतावा मागायचा, हा ग्राहकही असतो. म्हणून माझी मागणी माफक आहे. आगाऊ पैशाच्या प्रत्येक सेवेसाठी ग्राहक व्यवहार मंत्रालयानं एक साधा हिशेब ठरवून द्यावा : वापरलेली सेवा असेल तर तिचा खर्च वजा, गेलेले महिने वजा, उरलेलं परत. समजा ३६ महिन्यांचे ३,६०० रुपये भरले, नऊ महिन्यांनी योजना सोडली आणि एकदाही फोन केला नाही, तर २,७०० रुपये. विमा नियामकाला जे जमलं ते याच क्रेनच्या दुसऱ्या कागदाला न जमण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

तोवर अर्ज द्यायचा तो ईमेलनं, तारखेसह, आणि ढकलत बसू नये. यात एक कराचीही गंमत आहे. योजनेवर १८ टक्के जीएसटी भरलेला असतो. तो परत देताना विक्रेत्यानं क्रेडिट नोट काढली तरच त्याला सरकारकडून वळता करून घेता येतो, आणि त्याची मुदत विक्रीचं आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये घेतलेल्या योजनेसाठी ती ३० नोव्हेंबर २०२५ ला संपली. त्यानंतर मूळ पैसे द्यायला राजी झालेला विक्रेताही कराच्या रकमेवर हात वर करतो, आणि त्या वेळी त्याचं म्हणणं निव्वळ बहाणा नसतं.