बहिणाबाईंचे गाणे पारावर आणा

पनवेलच्या नाट्यगृहाला आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांचे नाव आहे. फडके जवळच्याच शिरढोणचे. १८७६-७७ च्या दुष्काळात कोरडवाहू मुलखाची दैना पाहून ते पेटले आणि १८७९ मध्ये इंग्रज सरकारविरुद्ध उठले. पण अशा नावाच्या रंगमंचांवर कास्तकाराचे स्वतःचे शब्द किती वेळा ऐकू येतात?

जळगावच्या 'परिवर्तन' संस्थेने एक वाट दाखवली आहे. आपल्याच मातीतल्या बहिणाबाई चौधरींची गाणी आणि जीवनकहाणी तिने 'अरे संसार संसार' या कार्यक्रमातून रंगमंचावर आणली.

बहिणाबाई १८८० साली असोद्याला जन्मल्या, जळगावला नांदल्या, १९५१ साली गेल्या. अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर सुचले ते म्हटले. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी टिपून घेतले तेवढेच उरले. पुस्तक निघाले १९५२ साली, आईच्या माघारी.

'पेरणी', 'कापणी', 'रगडणी', 'उपणणी' ही त्यांच्या कवितांची नावे. शेतकी कॉलेजच्या पुस्तकाची अनुक्रमणिकाच जणू! फरक एवढाच, की आम्ही शिकलो त्या पुस्तकांत हेक्टरी क्विंटल होते, राबणारी बाई नव्हती. कशाला काय म्हणू नये हे सांगतानाही बहिणाबाई सुरुवात करतात ती कपाशीच्या बोंडापासून.

शहरात अशा कार्यक्रमांना टाळ्या पडतात, डोळेही पुसले जातात. पण ज्वारी किलोमागे दोन रुपयांनी चढली, की तोच श्रोता महागाईच्या नावाने ओरडतो. बोली गोड लागते, तिच्यामागचा घाटा मात्र ऐकवत नाही. म्हणून हे वाचन नाट्यगृहापुरते राहू नये, गावात आले पाहिजे. गावाला तो घाटा समजावून सांगावा लागत नाही.

खर्च काहीच नाही. एक पुस्तक, चार वाचणारे आणि पारावर एक दिवा. वेचणी आटोपली की एक रात्र ठरवा. मायबहिणींना पुढे बसवा, वाचायलाही त्यांनाच सांगा. प्रत्येक कवितेनंतर थांबा आणि बोला: तेव्हा या कामाचे मोल काय होते, आज काय आहे?

आणखी एक काम तातडीचे आहे. गिरणी आली, जाती थांबली. जात्यावरच्या ओव्या आता म्हाताऱ्या आयांच्या तोंडीच उरल्या आहेत. सोपानदेवांनी टिपले नसते, तर बहिणाबाई आपल्याला कळल्याच नसत्या. आपल्या घरातली बहिणाबाई कोण टिपणार? शाळेत जाणाऱ्या पोरापोरींच्या हाती वही द्या. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना उत्पादनखर्चाच्या हिशेबाबरोबर तीही वही आणा. दोन्ही वाचू.