काळी पडलेली केळी

आमच्या घरी फोनवर बाबांचं एकच वाक्य असतं. ‘थांब हं, आईला देतो.’ मी कॉलेजसाठी पुण्यात आलो तेव्हापासून हेच. त्यामुळे गेल्या महिन्यात ते डोळे दाखवायला आठ दिवस एकटेच माझ्या फ्लॅटवर येणार म्हटल्यावर मला सॉलिड टेन्शन आलं. आता फोन कुणाला देणार?

येताना त्यांनी गावाहून राजेळी केळ्यांची फणी आणली. लांबलचक, जाड सालीची. (वसईची सुकेळी याच केळ्यांची.) मी ती फ्रिजवर ठेवली आणि विसरलो. ऑफिसातून उशिरा यायचं, ॲपवरून थाळी मागवायची, दोघांनी टीव्हीकडे बघत जेवायचं. ‘गावाला पाऊस आहे का?’ ‘आहे.’ संपला संवाद.

गुरुवारपर्यंत केळी काळी. फणी उचलून कचऱ्याच्या डब्याकडे निघालो, तर मागून आवाज आला, ‘अरे, आत्ता कुठे तयार झालीत ती! कढई कुठाय?’

कढई नव्हती. नॉनस्टिक पॅन होता. बाबांनी तो उचलून असा काही पाहिला, की मला माझं सातवीचं प्रगतिपुस्तक आठवलं.

पण पठ्ठ्याने त्यातच केली, पाकातली केळी. तीन केळ्यांचे बोटाच्या पेराएवढे जाड काप. दोन चमचे तूप गरम करून त्यात काप एकेक करून आडवे मांडायचे. गॅस बारीक. सारखं ढवळायचं नाही, खालची बाजू तांबूस झाली की एकदाच उलटायचं. मग तीन चमचे साखर, अर्धी वाटी पाणी, चिमूटभर मीठ आणि वर झाकण. पाचेक मिनिटांत पाक मधासारखा होतो आणि काप काचेसारखे चमकायला लागतात. गॅस बंद करून वेलची आणि मूठभर ओलं खोबरं. बस्स. केळं पिकतं तशी त्यातल्या स्टार्चची साखर होत जाते, म्हणून काळ्या सालीचं केळं घ्यायचं आणि वरून साखर कमी घालायची. पिवळंधमक राजेळी शिजवलं तर पिठूळ लागतं.

‘तुम्हाला हे कुठून येतं?’ मी विचारलं. मी जन्मात त्यांना चहाही करताना पाहिलेलं नाही.

लग्नाआधी चार वर्षं ते गिरगावात एका खोलीत चौघं राहायचे, हे मला ठाऊक होतं. वातीचा स्टोव्ह आणि स्वयंपाकाच्या पाळ्या ठाऊक नव्हत्या. महिनाअखेरीला कोपऱ्यावरचा केळीवाला रात्री काळी केळी जवळजवळ फुकटात द्यायचा. तेच यांचं गोड, कधीकधी तेच जेवण.

‘आईला माहितीये?’

‘तिनं कधी विचारलं नाही,’ असं म्हणून त्यांनी पॅनमधला उरलेला पाक चमच्यानं खरवडून माझ्या वाटीत घातला.

परवा मी एकट्यानं करून बघितली. इथे राजेळी मिळाली नाहीत म्हणून साधी केळी घेतली. लगदा झाला, वर तळाला करपलंही. (साधी केळी घ्याल तर जरा घट्टच घ्या, आणि पाणी दोन चमचेच.) फोन लावला. बाबांनीच उचलला.

‘गॅस मोठा ठेवला असशील,’ ते म्हणाले. मग साखर कधी घातली, झाकण होतं का, पॅन तोच का, सगळी उलटतपासणी झाली. मागून आई विचारत होती, कुणाचा फोन आहे म्हणून.