आधी सिस्टर, मग डॉक्टर

"अगं, तू मासिकात लिहितेस ना, मग तूच सांग. आमची धाकटी म्हणते, नर्सिंगलाच जाणार. मार्क चांगले आहेत, पण घरात कुणाला पसंत नाही. रात्रपाळ्या, परक्या माणसांची उस्तवार. उद्या लग्न जमवताना काय सांगायचं?"

आमच्या इमारतीतल्या वहिनींनी परवा मला जिन्यातच गाठलं. मी जिन्यातल्या जिन्यात काय उत्तर देणार? पण घरी आल्यावर मला वेल्लोर आठवलं.

तामिळनाडूतलं वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि त्याचं रुग्णालय देशभर ठाऊक आहे. बंगाल-झारखंडपासून ईशान्येपर्यंतचे रुग्ण दोन-दोन दिवस रेल्वेत बसून तिथं जातात. मोठमोठ्या डॉक्टरांची नावं सगळे घेतात. पण या संस्थेत डॉक्टर घडवायला सुरुवात झाली १९१८ मध्ये आणि नर्सेस घडवायला १९०९ मध्ये. म्हणजे आधी सिस्टर आल्या, मग डॉक्टर!

ही गोष्ट सुरू होते डॉ. आयडा स्कडर यांच्यापासून. त्यांचा जन्म १८७० चा, वेल्लोरजवळच्या राणीपेटचा. वडील मिशनरी डॉक्टर. विशीत असताना आयडा आजारी आईच्या सोबतीला अमेरिकेहून परत आल्या होत्या. एका रात्री तीन घरचे तीन पुरुष एकामागून एक त्यांच्या दाराशी आले. तिघांच्याही तरुण बायका बाळंतपणात अडल्या होत्या. आयडा डॉक्टर नव्हत्या. वडील यायला तयार होते, पण परपुरुषाचा हात बायकोला लागू देणं त्या तिघांपैकी कुणालाच मान्य नव्हतं. सकाळ होईपर्यंत तिघीही गेल्या. त्या रात्रीनं आयडांचं आयुष्य बदललं. त्या अमेरिकेत वैद्यक शिकल्या, १८९९ मध्ये कॉर्नेलमधून डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी वेल्लोरला परतल्या. १९०२ मध्ये चाळीस खाटांचं, बायका-मुलांसाठीचं मेरी टेबर शेल रुग्णालय उघडलं.

इथपर्यंतची कथा अनेकांना माहीत असते. खरी अडचण मात्र पुढे होती. डॉक्टर दिवसातून दोनदा खाटेपाशी येऊन जाणार. मधल्या वेळेत ताप कोण बघणार? जखम कोण धुणार? मध्यरात्री रक्तस्राव सुरू झाला तर आधी कुणाच्या लक्षात येणार? चाळीस खाटा एकट्या डॉक्टरच्या जिवावर चालत नाहीत. तिथं शिकलेले, सवयीचे, विश्वासाचे हात लागतात.

आणि तेच मिळत नव्हते. रक्त, मलमूत्र, परक्या जातीच्या माणसाचा स्पर्श, पुन्हा रात्री घराबाहेर राहणं. चांगल्या घरची मुलगी हे काम करत नाही, असा तेव्हा सगळीकडेच समज होता. आपल्याकडेही काही वेगळं नव्हतं. म्हणून १९०९ मध्ये रुग्णालयातच परिचारिकांची शाळा सुरू झाली.

रुग्णालयातली शाळा म्हणजे काय, तर मुलींनी तिथंच राहायचं, तिथंच शिकायचं आणि तिथंच राबायचं. अशा शाळांत फळ्यापेक्षा खाट मोठी असते. रुग्णाला न हलवता चादर कशी बदलायची, नाडी कशी मोजायची, उपकरणं कशी उकळायची, अंथरुणाला खिळलेल्याच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलून द्यायची, हे सगळं हातानं करून शिकायचं.

या पद्धतीला दुसरी बाजूही होती. शिकणाऱ्या मुलींवरच रुग्णालयाचं काम ढकललं जाण्याची भीती असते. आज अमुक वॉर्डात माणूस कमी आहे, मग धडा उद्या! जगभरच्या अशा शाळांवर हा आक्षेप घेतला गेला आहे. म्हणूनच १९४६ हे वर्ष महत्त्वाचं. त्या वर्षी वेल्लोरला परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. दिल्लीतही त्याच वर्षी झाला. देशातले हे पहिले. सेवेच्या या कामाला विद्यापीठाच्या विद्येचा मान मिळाला. त्याच वर्षी भोर समितीचा अहवाल आला. त्यात देशात नर्स किती कमी आहेत, हे स्पष्ट सांगितलं होतं. १९४७ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला.

कायदा झाला, पदवी आली. आपली नजर किती बदलली? २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा आपण गॅलरीत उभं राहून टाळ्या-थाळ्या वाजवल्या. आणि त्याच दिवसांत डॉक्टर-नर्सना घरमालकांनी खोली सोडायला सांगितल्याच्या बातम्याही वाचल्या. आजारी पडल्यावर आपल्याला सिस्टर हवी असते, देवासारखी. घरात मात्र नको असते!

माझी आई शस्त्रक्रियेनंतर आठ दिवस रुग्णालयात होती. तिसऱ्या रात्री मी खुर्चीतच झोपले होते. पहाटे जाग आली, तर एक सिस्टर आईचे केस विंचरत होती. "आजींना झोप नव्हती, म्हटलं जरा बरं वाटेल," ती म्हणाली. त्या रात्री तिच्याकडे पूर्ण वॉर्ड होता. हे कुठल्या औषधाच्या चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं.

काल वहिनी पुन्हा भेटल्या. मी त्यांना म्हटलं, "लेकीला आधी हे नीट विचारा, की रात्रपाळी आणि पाठदुखी झेपेल का? पगार सगळीकडे सारखा नसतो, हेही सांगा. कॉलेज नर्सिंग कौन्सिलच्या मान्यतेचं आहे का, ते स्वतः तपासा. आणि तरीही ती हो म्हणाली, तर लग्नाच्या वेळी काय सांगायचं याची काळजी सोडा. सरळ सांगा, आमची मुलगी नर्स आहे."

वहिनी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "फॉर्मची शेवटची तारीख कधी असते गं?"