लोकरी बिछायत : नाव आणि माल

पेढीवर अथवा घरच्या दिवाणखान्यात लोकरी बिछायत घालावयाची म्हटली की, आपल्यापैकी बहुतेकजण विकणारा सांगेल त्या नावावर विसंबतात. गव्हाचा दाणा तळहातावर घेतल्यावाचून सौदा न करणारी आपली जात; तिने गालिचा मात्र नुसत्या रंगावर पसंत करावा, हे आम्हांस चमत्कारिक वाटते.

घोंगडी, नमदा आणि गालिचा या तिन्ही वस्तू लोकरीच्याच. पण त्यांचा धर्म निराळा. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची घोंगडी मागावर विणतात. ताण्याला चिंचोक्यांची खळ देतात, त्यामुळे धाग्यास बळकटी येते. ती अंथरावी, पांघरावी. दिवाणखान्याच्या शोभेसाठी ती नव्हे. नमदा तर विणलेला नसतोच. लोकरीचे थर पसरून, साबणाचे पाणी शिंपडून, ते गुंडाळून दाबीत राहिले म्हणजे तंतू एकमेकांत गुंततात. काश्मीर आणि राजस्थानातील टोंक येथील नमदे प्रसिद्ध आहेत. पलंगाशेजारी नमदा ऊब देतो, परंतु वर्दळीत तो लवकर विरतो. गालिच्यात सुती ताण्यावर लोकरीची एकेक गाठ मारतात आणि गाठींच्या ओळींमध्ये आडवा धागा ठोकून बसवितात. पेढीवरची वर्दळ सोसावी ती त्यानेच.

ग्वाल्हेरच्या हातविणीच्या गालिच्यास २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी आपल्या मध्यप्रदेशच्या शरबती गव्हास आणि मुरैन्याच्या गजकेसही ते लाभले. शरबतीच्या नावाखाली आम्ही दुसराच गहू भरून दिला, तर पाटणकर बाजारात आम्हांस कोणी उभे करील काय? मग कृत्रिम धाग्याचा, यंत्रावर निघालेला तुकडा ‘ग्वाल्हेरी’ म्हणून खपविणाऱ्यास मोकळीक का असावी? त्यात ग्राहकाचा पैसा जातोच. पण एकेक गाठ मारीत महिनोन्‌महिने बसणाऱ्या कारागिराचा घासही जातो.

परीक्षा अवघड नाही. गालिचा उलटा करावा. हातविणीचा असेल तर नक्षी व गाठी मागेही स्पष्ट दिसतात. कडेच्या झालरी म्हणजे त्याच्या ताण्याचीच टोके असतात. मागे कापड चिकटविलेले असल्यास ती हाताने बांधलेली गाठ नव्हे. एक तंतू जाळून पाहावा : लोकरीस जळक्या केसांचा वास येतो व राख चुरडते, कृत्रिम धागा वितळून त्याची कठीण गोळी होते.

अस्सल गालिचा महाग पडतो, हे खरे. पण ऐपत नसेल तर सुती सतरंजी घालण्यात कमीपणा कसला? धर्मशाळेच्या पंगतीस तर तीच बरी. धुता येते, दोन्ही बाजूंनी वापरता येते. (लोकरी कटासण्यावर सामायिक करणाऱ्या श्वेतांबर बंधूंना लोकरीचे महत्त्व आम्ही काय सांगावे!)

लोकरीस कसर लागते. ती लागल्यावर औषध घालून जीव मारण्यापेक्षा लागूच न देणे आपल्यास अधिक शोभते. पावसाळ्यापूर्वी गालिचा झाडून, पालथा घालून थोडा वेळ उन्हात ठेवावा, म्हणजे रंगही उडत नाही. मग कडुनिंबाचा सुका पाला घालून गुंडाळावा. घडी मात्र कदापि घालू नये. घडीच्या रेषेवर ताणा तुटतो.